जाऊबाईंच्या अळ्या

माझी थोरली जाऊ आणि मी एकाच घरात राहतो आणि एकाच शाळेत शिकवतो. म्हणजे सकाळी ओट्यापाशी तिचे टोमणे ऐकायचे आणि मधल्या सुट्टीत पुन्हा तेच. मला ती आवडत नाही, तिला मी आवडत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही, शिपायालासुद्धा ठाऊक आहे.

ती बालवर्गाला शिकवते. लाड नाहीत, लाडीगोडी नाही, पोरांशी बोलते ती समोर मोठी माणसं बसल्यासारखी. मेलेला पोपट परत येईल का, असं एका पोराने विचारलं तर म्हणाली, "नाही." बस्स, एवढंच. आम्ही बाकीच्यांनी कपाळाला हात लावला.

यंदा तिने लेडीबर्ड शिकवायला घेतला. चित्रातला लालचुटूक, ठिपकेवाला किडा सगळेच दाखवतात. हिने माव्याने, म्हणजे त्या बारीक हिरव्या किडीने, भरलेली गुलाबाची फांदीच तोडून आणली. पानामागे पिवळी अंडी चिकटलेली. त्यातून काळ्या, काटेरी अळ्या निघाल्या तेव्हा पोरं "ईऽऽ" करून मागे सरली.

"ई काय? ह्याच त्या. आधी अळी, मग कोष, आणि कोषातून बाहेर येईल तेव्हाच पंख."

प्रत्येक पोराला एकेक अळी मिळाली, वेगळ्या डबीत, झाकणाला भोकं पाडून. त्यांच्या खाण्यासाठी रोज माव्याची फांदी आणायची तीच, आणि ठेवायची कुठे, तर आमच्या ओट्यावर. माझ्या कणकेत मावा पडला त्या दिवशी आमचं जे वाजलं, ते शेजारी अजून रंगवून सांगतात.

मग मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, डोक्यात आलं की पालक बघायला येणार तर असल्या डब्या काय दाखवायच्या? चार दिवसांची सुट्टी लागायच्या आदल्या संध्याकाळी, डब्यांत पुरेसा मावा घालून जाऊबाई घरी गेल्यावर, त्यांनी सगळ्या अळ्या एका काचेच्या बरणीत ओतल्या आणि वर रिबीन बांधली. त्यांना खायला घालायचं मात्र डोक्यात आलं नाही.

सुट्टी संपली तेव्हा बरणीत एकच अळी होती, टम्म फुगलेली. बाकीच्यांचे नुसते तुकडे. भुकेल्या अळ्या एकमेकींना खातात, डब्या वेगळ्या होत्या त्या त्यासाठीच.

जाऊबाई तरातरा ऑफिसात शिरली. मी मागोमाग गेले, तमाशा बघायला.

"विचारायचं तरी होतंत मला," ती म्हणाली. "आता काय झालं ते पोरांना सांगते."

"असलं काही सांगायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "उडून गेल्या म्हणा."

"नाही म्हणणार."

"बघा बाई. तुम्हाला कायम करायचं की नाही, अजून ठरलेलं नाही."

माझे थोरले दीर अंथरुणाला खिळलेत. त्यांचं औषधपाणी हिच्याच पगारावर चालतं आणि हे मोठ्या बाईंना पक्कं माहीत आहे. जाऊबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला शब्द गिळताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मोठ्या बाईंच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं, आणि माझा हात उठला नाही.

मोठ्या बाईंनी उरलेली अळीही कचऱ्याच्या डब्यात झटकली, बरणी धुऊन वर्गात नेऊन ठेवली आणि दारात हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभी होते. पोरं बरणीभोवती जमली.

"बाई, आमच्या अळ्या कुठंयत?"

"उडून गेल्या," जाऊबाई खिडकीकडे बघत म्हणाली.

काहींनी टाळ्या वाजवल्या. दोन वेण्यांची एक मुलगी, जिला आम्ही प्रश्नपेटी म्हणतो, तेवढी रिकामी बरणी निरखत होती.

"पण बाई, त्या कोषात गेल्याच नव्हत्या. अळीला पंख कुठे असतात?"

एरवी असं कुणी बरोबर पकडलं की जाऊबाई त्या पोराला फळ्यापाशी बोलावते आणि सगळ्यांना मोठ्याने सांगायला लावते. तिने दाराकडे पाहिलं. मोठ्या बाई हलल्या नव्हत्या.

"असतात," ती म्हणाली. "जा, जागेवर बस."

मुलगी माझ्याजवळच्या तिच्या जागेवर येऊन बसली. जरा वेळाने तिने शेजारणीला हळूच सांगितलं, "माझंच चुकलं गं."