मालनवहिनींच्या हॉलमधलं कुंकू

प्रेमला नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. शुक्रवार पेठेतल्या घरात मधल्या दाराआड ती बादली घेऊन उभी, आणि आत सासू नि थोरली जाऊ मालन यांची जुंपलेली. सासू म्हणत होती, "पोर आहे, शिकेल."

"कसली शिकतेय! फरशी पुसते की मांजर चाटतंय? पुन्हा पुसू दे, तोवर ताट वाढू नका."

सासूचं काही चाललं नाही. प्रेमलानं उपाशीपोटी फरशी पुन्हा पुसली. मालन वेगळी निघेपर्यंत रोज दोनदा पुसली. गुडघे गेले, ते बोलणं काही गेलं नाही. नवरा चिंतामणी म्हणायचा, "सोड की आता." ती म्हणायची, "तुम्ही पुसली होती का?"

यंदा मालनवहिनींच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर चैत्राचं हळदीकुंकू होतं. लेकानं, सुबोधनं, फरशी झाडून पुसणारा रोबो आणलेला. आंब्याची डाळ चमचाभर आणि रोबोचं कौतुक पातेलंभर, असं चाललं होतं.

"वाकायला नको की बाईची वाट बघायला नको. बटण दाबलं की झालं," वहिनी म्हणाल्या आणि प्रेमलाकडं वळल्या. "काही जणींना जन्मभर जमलं नाही, ते हे डबडं करतंय बघा."

बायका हसल्या. प्रेमलाही हसली. शेजारणीला हळदीकुंकू लावायला तिनं करंडा घेतला आणि ठेवता ठेवता पदराआडून टीपॉयखाली रिकामा केला. मनात गौरीला हात जोडले, 'बाई, तू यात पडू नकोस.'

मग गोड आवाजात म्हणाली, "वहिनी, चालवून दाखवा की!"

वहिनींनी ऐटीत बटण दाबलं. रोबो टीपॉयखाली शिरला आणि ओलं फडकं ओढत बाहेर आला तो पांढऱ्या फरशीवर लालपिवळे पट्टे मारतच. हॉल झाला, बेडरूम झाली. बायका साड्या सावरत सोफ्यावर चढल्या.

"अहो, थांबवा की त्याला!"

"थांबवायचं सुबोधच्या मोबाईलात आहे गं!"

शेवटी वहिनींनी तो पालथा घातला आणि फडकं घेऊन स्वतः गुडघ्यावर बसल्या. प्रेमलानं पन्ह्याचा दुसरा पेला घेतला. वहिनी जवळ आल्या की पाय उचलायची. "सोफ्याखाली राहिलंय, वहिनी. तिथं पुन्हा पुसा."

वहिनींनी खालूनच वर बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मुद्दाम केलंस ना?"

"हो," प्रेमला म्हणाली आणि उरलेलं पन्हं संपवलं.

सवाष्णीला रिकामी कशी पाठवणार? लाल झालेल्या हातांनी वहिनींनी तिची हरभऱ्यांनी ओटी भरली. "पुढच्या चैत्रात ये" हेही म्हणावं लागलं, दात आवळून.

प्रेमला रिक्षातून गिरणीपाशी उतरली. सकाळी टाकलेला ज्वारीचा डबा उघडला, पीठ चिमटीत धरून बघितलं.

"मल्लप्पा, जाडच दळलंस की रे," असं नेहमीसारखं म्हणाली आणि डबा काखेत मारून घरी निघाली.