बरण्यांचा पोल्का

लॉर्ना हाल्व्हर्सनला आमच्या गावात लग्नाला बोलावतात, मयताला बोलावतात, आणि दर वेळी वर सांगतात, "अकॉर्डियन घरी ठेवलास तरी चालेल हं." ती कसली ठेवते! चाळीस वर्षं शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाली, तरी गळ्यातला पट्टा उतरेना. मग दर शनिवारी लायब्ररीच्या तळघरात चार-पाच वर्षांच्या पोरांना पैशाचं वळण लावायचं तिनं काढलं. तेही पोल्का नाचाच्या ठेक्यावर.

"स्वतः बिंगोत सोळा डॉलर उडवून आलीस," नवरा व्हर्न म्हणाला, "आणि पोरांना काटकसर गाऊन दाखवतेस?"

"मी गायचं, त्यांनी पाळायचं. कामं वाटून घेतलीत आम्ही."

आणि पोरं पाळत होती, हे नवल. प्रत्येकाकडे काकडीच्या लोणच्याची धुतलेली बरणी. खाऊचे पैसे मिळाले की ठेक्यावर एक नाणं आत. दुकानात गल्ल्यापाशी चॉकलेटं दिसली की भोकाड पसरण्याऐवजी पोरं 'थांब जरा, थांब जरा' गायला लागली. लॉर्ना आठवडाभर जमिनीवर नव्हती.

सगळ्यांत पक्की मार्गो. पाच वर्षांची. पडलेल्या दाताबद्दल दातांच्या परीनं उशीखाली ठेवलेला डॉलरसुद्धा तिनं बरणीत घातला. हिवाळ्याआधी तिला बर्फावर घसरायचे पांढरे स्केट्स घ्यायचे होते.

शेवटच्या शनिवारी आईबापांसमोर कार्यक्रम. पोरांनी गाण्याबरोबर बरण्या खुळखुळवायच्या आणि गाणं संपलं की रांगेनं येऊन टेबलावर ओतायच्या, टाळ्या घ्यायच्या. ही ओतायची टूम लॉर्नाचीच.

"मिस लॉर्ना," मार्गो जवळ आली, "माझी वाजत नाही."

"अगं, जोरात हलव की!"

मार्गोनं हलवली. मग लॉर्नानं खाली वाकून पाहिलं. बरणी लख्ख रिकामी होती.

मार्गोची आई डनेट दाराशी कोट घालूनच उभी होती. कागदाच्या मिलनं उन्हाळ्यापासून तिच्या कामाच्या पाळ्या कमी केलेल्या. लॉर्ना जवळ गेली तशी ती हळूच म्हणाली, "गाडीत पेट्रोल नव्हतं गं. कामावर जायचं होतं. पगार झाला की परत टाकणार होते, तर विजेचं बिल आडवं आलं."

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. रडली असती तर बरं झालं असतं. 'बरं' म्हणाली आणि बरणी धुऊन ठेवली."

"आज आणलंस कशाला मग तिला?"

"ऐकते होय! सगळं गाणं पाठ आहे म्हणते."

लॉर्ना परत आली. खिशात बिंगोतली चार-पाच नाणी होती. वाकून बुटाची नाडी बांधायचं सोंग करत तिनं ती बरणीवर धरली. मार्गोनं बरणीच्या तोंडावर पंजा ठेवला.

"ते माझं नाही, मिस लॉर्ना. आपण नाही साठवलं ते बरणीला चालत नाही."

गाण्यातलं तिसरं कडवं हे. लॉर्नानं स्वतः रचलेलं, जरा मिरवलेलंही. साठवलेलं आईनंच घेतलं तर काय, याचं कडवं तिनं रचलं नव्हतं. डनेटला चोर ठरवल्याशिवाय मार्गोला बरोबर म्हणायचं कसं?

खुर्च्या भरल्या. कुणीतरी टाळी वाजवली. लॉर्नानं भाता ओढला.

बारा बरण्या खणखणू लागल्या. मार्गो त्यांच्यात उभी राहून आपली बरणी हलवत होती. एकही ठोका चुकत नव्हता आणि आवाज येत नव्हता. दाराशी डनेट खाली फरशीकडे बघत होती.

गाणं संपायला आलं तशी लॉर्नानं पहिलं कडवं पुन्हा घेतलं. मग दुसरं. तिसरं गाळून परत पहिलं. आईबापांची चुळबुळ सुरू झाली. व्हर्ननं पहिल्या रांगेतून घड्याळ दाखवलं, मग 'आवर आता' म्हणून गळ्यावरून बोट फिरवलं. पोरांचे हात दुखायला लागले, एकेक बरणी खाली आली. लॉर्नाच्या खांद्यात कळ भरली होती. तिनं आणखी एक फेरी ओढली. मग हातच उचलेना, आणि भाता उसासा टाकून मिटला.

टाळ्या वाजल्या. पोरं टेबलाकडे धावली, रांग लागली. मार्गोनं झाकण आधीच काढून ठेवलं होतं. तिच्या पुढे चारच मुलं होती.