ताट रंगरावांच्या हातात

आमच्या वरवट बकालचे रंगराव कोणावरच भरवसा ठेवत नाहीत. चहा दिला तरी आधी देणाऱ्यालाच घोट घ्यायला लावतात. "माणसाची जातच बेइमान. एका कडक माणसाच्या हाती देश द्या, मतंबितं कायले?" हे त्यांचं राजकारण.

तरी पंचायतीच्या निवडणुकीत त्यांचंच पॅनेल उभं होतं. मतदानाआधी ते बेलभंडाऱ्याचं ताट घेऊन घरोघर फिरले आणि प्रत्येकाला त्यांच्याच पॅनेलला मत देण्याची शपथ घ्यायला लावली. मी चिडलो, पण बेल उचलला आणि शपथ पाळलीही.

पॅनेल पडलं. रंगराव पारावर एकेकाकडे बोट दाखवून ओरडले, "तू फुटला! तू बी!" तेव्हापासून गावात शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाही. मीसुद्धा सख्ख्या भावाकडे तिरक्या नजरेने बघतो.

परवा त्यांच्या घरी गेलो, तर रंगराव नव्या सरपंचाकडे जेवायला गेलेले. त्यांची बायको सरस्वतीबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी विचारलं, "वयनी, कोण फुटलं असन?"

तिने सूप खाली ठेवलं. "भाऊजी, साऱ्या गावानं बेल उचलला. पण ताट ज्याच्या हातात होतं, त्याले कोणी उचलाले लावला का?"