गाडीतला रियाज

फ्रीमाँटमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या मागे ड्रायक्लीनिंगचं एक दुकान होतं. तिथे कपडे लहानमोठे करून देणाऱ्या एक बाई बसायच्या. २००३ साली मी एच-फोरवर होते, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली आणि नोकरीला बंदी असलेली बायको. लेक शाळेत गेली आणि हाताला काम नसलं की माणूस उगाच कपडे दुरुस्त करून घेत सुटतो. नवऱ्याची एकच पँट तिसऱ्यांदा नेली, तेव्हा बाईंनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुझा नवरा वाढतोय की घटतोय?" मी खो खो हसले. तिथून आमची ओळख वाढली आणि मी त्यांना मावशी म्हणू लागले.

मावशी तुर्कमेनिस्तानच्या. तिथल्या राजधानीत वीस वर्षं त्या ऑपेरात मुख्य भूमिका करत होत्या. २००१ साली राष्ट्राध्यक्षांनी, हे आपल्या मातीतलं नाही, असं ठरवून ऑपेरा बंदच करून टाकला. मुलगी लग्न करून इथे आलेली, म्हणून मावशी तिच्याकडे आल्या. वय तेव्हा बावन्न. आपल्या 'आवाज'ला त्यांच्या भाषेतही जवळजवळ तोच शब्द आहे, हे कळल्यावर मला कोण आनंद झाला! त्यांना काही झाला नाही. "शब्द आहे," त्या म्हणाल्या, "पण माझा आवाज कुठे राहिला?"

त्यांच्या घरात गायची सोय नव्हती. लाकडी मजले आणि पातळ भिंती. एक सूर लावला की खालचे लोक छत ठोकायचे. शेवटी मीच म्हटलं, माझ्या गाडीत गा. दर मंगळवारी दुपारी आम्ही एका बंद पडलेल्या दुकानाच्या मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये जायचो. काचा वर करायच्या, एसी बंद करायचा, कारण थंड हवेनं घसा धरतो, आणि मी पुढच्या सीटवर घामाघूम होऊन बसायची. मागे मावशी. पहिल्यांदा त्यांनी पूर्ण आवाज सोडला तेव्हा डॅशबोर्डवरचा गणपती थरथरला. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी रडले.

पुढच्या वर्षी ओकलंडच्या एका छोट्या ऑपेरा मंडळीला कोरससाठी बायका हव्या होत्या. मी गाडी चालवत घेऊन गेले. चर्चच्या हॉलमध्ये तीन माणसं बसली होती. मावशी गायल्या. मधला माणूस म्हणाला, "वन्स मोअर, प्लीज." त्या पुन्हा गायल्या आणि वरच्या सुराला आवाज फाटला. तो म्हणाला, "थँक यू." परतून घर आलं तेव्हा मावशी एवढंच म्हणाल्या, "पहिल्यांदा चुकलं, म्हणून वन्स मोअर. मग थँक यू, म्हणजे जा."

त्यानंतर दीड वर्ष गाडीत गाणं नाही. मग मला दुर्बुद्धी सुचली. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांना गायला लावायचं! सेक्रेटरीला फोन केला. तो म्हणाला, "यार, किड्सचे डान्स आधीच ओव्हर होतायत. टेन मिनिट्स मॅक्स, चालेल?" चालेल म्हटलं. मावशी मात्र हो-नाही करत राहिल्या. मग एका मंगळवारी स्वतःच गाडीत येऊन बसल्या. "हे नीट झालं तर वसंतात पुन्हा ऑडिशन देईन," त्या म्हणाल्या. "नाही झालं तर संपलं. लोक ऐकतील ना?" मी छातीठोक सांगितलं, "आमचे लोक गाण्यासाठी जीव टाकतात."

शाळेचा भाड्यानं घेतलेला हॉल, मागे मसालेभाताचे ट्रे, पोरांची पळापळ. मावशींनी गडद लाल लांब झगा घातला होता, स्वतः शिवलेला. साथीला कोणी नाही. त्यांनी डोळे मिटले आणि सूर लावला, तशी पोरंसुद्धा थांबली. प्रियकराची वाट बघणाऱ्या एका मुलीची ती आळवणी होती, एवढंच मला माहीत होतं. शेवटचा सूर वर गेला, थांबला. आणि मला राहवलं नाही. माझे वडील संगीत नाटकांचे वेडे, लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मीही तेच शिकलेली. मी उभी राहिले आणि हात वर करून ओरडले, "वन्स मोअर!"

माझ्यामागून चारपाच काका ओरडले. मग सगळा हॉल.

मावशींनी डोळे उघडले. चेहरा पांढराफटक. त्यांनी मला शोधून माझ्याकडे बघितलं, "सॉरी" म्हणाल्या आणि स्टेजवरून उतरून थेट दाराबाहेर गेल्या. लोकांना वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील. मला त्याच क्षणी कळलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पार्किंगमध्ये मी धापा टाकत समजावलं. आमच्यात गाणं फार आवडलं तरच असं ओरडतात, मावशी. ही शाबासकी आहे. देवाशपथ.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या. "पण वरचा सूर खरंच उतरला होता. तुला कळलं नाही. मला वाटलं, तुला कळलं."

त्या परत आत आल्या नाहीत. वसंत आला, ऑडिशनचं नाव निघालं नाही. पुढची दोन वर्षं त्यांनी माझ्या लेकीचे फ्रॉक लांब करून दिले, माझे ब्लाउज सैल करून दिले, हसल्या, बोलल्या. गुणगुणल्यासुद्धा नाहीत. दर मंगळवारी दुपारी मी घरातच बसून असायची.

२००७ साली मावशींच्या मुलीची बदली टेक्ससला झाली. मुलगी-जावई आधीच सामान घेऊन गेले होते, मावशींना विमानतळावर मी सोडलं. त्या सवयीनं मागे बसल्या. निघताना मी काचा वर केल्या, एसी बंद केला आणि आरशात बघून म्हटलं, "मावशी, आज एकदा गा. इथे फक्त मी आहे."

त्यांनी नजर बाहेर वळवली. मग म्हणाल्या, "आणि गाऊन झाल्यावर तू काय म्हणशील?"

मी एसी लावला.