शेवाळी अकीक

नदीच्या पात्रात गारगोट्या वेचायला मी बारा वर्षं जातेय. माझी शेजारीण सुनंदा त्या दिवशी पहिल्यांदाच सोबत आली, आणि मी ओलांडून गेले होते तोच मळकट दगड तिने उचलला. पाण्यात बुचकळून तिने तो उन्हासमोर धरला, तर दुधी काचेसारख्या त्या दगडात हिरव्या नाजूक फांद्या पसरलेल्या.

“आत शेवाळ अडकलंय का हो, ताई?”

माझ्या पोटात दुखलं. ते शेवाळ नव्हे, हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. हा शेवाळी अकीक. दगड घडत असताना लोहासारखी खनिजं त्यात झिरपतात आणि अशी पसरतात. पान नाही, फांदी नाही. वाटलं, तिचा आनंद थोडा तरी उतरेल.

ती दगड फिरवत हळूच म्हणाली, “म्हणजे झाड कधी न पाहताच यानं झाड काढलं.”

इतकी वर्षं ही माहिती माझ्याजवळ होती, पण हे वाक्य मला सुचलं नव्हतं. दगडापेक्षा त्या वाक्याचाच मला जास्त हेवा वाटला.

निघताना तिने तो माझ्या हातात ठेवला. “तुमच्याकडेच राहू दे. तुम्हाला त्यातलं कळतं.”

घरी मी तो पेटीत कापसावर ठेवला आणि चिठ्ठी लिहिली. कुणाला सापडला, त्या जागी स्वतःचं नाव घातलं.

परवा सुनंदा पेटी बघायला आली. तिने चिठ्ठी सावकाश वाचली.

“अक्षर किती सुरेख आहे हो तुमचं,” एवढंच म्हणाली.