देवाची उदबत्ती आणि आमची भागीदारी
चंदनाच्या उदबत्तीचा वास आला की मला मंडी मोहल्ल्यातलं ऑडिटरांचं ऑफिस आठवतं. मोठ्या जाऊबाई आणि मी घरी उदबत्त्या वळायचो. खप वाढला तेव्हा दुकान काढायचं ठरलं. भावजींचं म्हणणं, धंदा त्यांच्या एकट्याच्या नावावर असावा, कागदपत्रं कमी लागतात. आम्ही म्हणालो, वळतो आम्ही दोघी, तर भागीदारीही आमचीच. ऑडिटरांनी सावकाश चष्मा पुसला. खालच्या दुकानात कॉफी भाजत होते, आणि त्या वासात आमच्या साड्यांचा चंदनी वास मिसळला होता. "उद्या दोघी भांडलात तर?" त्यांनी विचारलं. सोबत आलेल्या सासूबाई फटकन म्हणाल्या, "उद्या कशाला, रोज भांडतात की! म्हणून सैपाक राहतो काय?" ऑडिटर हसले आणि त्यांनी भागीदारीचा करार लिहायला घेतला. "पण घर वेगळं, धंदा वेगळा. बँकेचं खातंही वेगळं. घरी एक पुडा नेलात तरी उचल म्हणून आपापल्या नावावर लिहायचा." "देवाला लावायचा तोसुद्धा?" मी विचारलं. ऑडिटरांच्या आधी जाऊबाईच बोलल्या. "आगली, होऊ दे, तोही लिहू," त्या म्हणाल्या, "देव काय आपला भागीदार आहे?" आता जाऊबाईंच्या फोटोपुढे मी रोज आमचीच उदबत्ती लावते. पुडा दुकानातून आणताना आधी माझ्या नावावर उचल लिहिते. तशीच लावली, तर त्या वाससुद्धा घ्यायच्या नाहीत.