बारदाना कापून तेवीस किलो

नालवाडीच्या मंदाबाई व्हिएन्नाला निघाल्या ही बातमी त्यांच्या बॅगेनंच मोहल्लाभर केली. हिरवीगार, चार चाकांची ती बॅग त्यांच्या नवऱ्यानं, बंडूजींनी, वर्ध्याच्या बाजारातून भाजीच्या ऑटोत आणली, रिकाम्या क्रेटांवर नवरीसारखी बसवून. रस्त्यात जो भेटला त्यानं विचारलं, "बंडूजी, कोनाची वरात?" आणि बंडूजींनी प्रत्येकाला ऑटो थांबवून सांगितलं, "आमच्या घरची विमानात बसून राह्यली!"

मुलगी उज्वला चार वर्षांपासून व्हिएन्नाच्या एका दवाखान्यात नर्स होती, जावई रत्नदीपही तिथंच नोकरीला. तिकीट तिनंच पाठवलं, एकट्या आईचं. बाबांनी उन्हाळ्यात यायचं ठरलं, कारण फुलकोबी ऐन भरात होती. "पोरीले परदेशात सोडता येते," बंडूजी म्हणाले, "कोबीले नाई."

उज्वलाचा फोन रोज यायचा आणि रोज कपड्यांवरच यायचा. चार वर्षांत तिची भाषा चांगली इस्त्रीची झाली होती. "आई, नीट ऐक. नोव्हेंबरमध्ये इथं चार वाजताच अंधार पडतो. आतून थर्मल घालायचं, वर पँट, वर स्वेटर. कोट मी इथं घेऊन ठेवलाय, काळा. साड्या नको भरू गं. इथं लोक पाहतात उगाच."

"हाव," मंदाबाई म्हणाल्या. पण ते 'लोक पाहतात' त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

त्याला कारण होतं. हिवाळ्यात मंदाबाई झुंजूमुंजू होताच वावरात जायच्या, मेथी आणि सांबार उपटायला. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. दवानं ओल्या झालेल्या त्या पाल्यात हात घातला की थंडी थेट खांद्यापर्यंत चढते. त्यावर इकडच्या बायांचा साधा उपाय असतो. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाहीचा शर्ट चढवायचा, गुंड्या गळ्यापर्यंत लावायच्या. मंदाबाईंचा शर्ट बंडूजींच्या लग्नाच्या आहेरातला, तांबड्या चौकड्यांचा, जाड कापडाचा. उज्वला नववीत असताना एकदा त्या बाजारातून तशाच तिला डबा द्यायला शाळेत गेल्या. संध्याकाळी पोरगी पाटीवर नख घासल्यासारख्या आवाजात म्हणाली, "माय, तो शर्ट घालून शाळेत नको येत जाऊ ना." बस, इतकंच. भांडण नाही, रडणं नाही. पण तेव्हापासून शहराचा नाका आला की मंदाबाई शर्ट काढून पिशवीत कोंबत. बंडूजी ऑटो हळू करत आणि समोर बघत बसत.

म्हणून आता त्यांना विमानाची भीती नव्हती, थंडीचीही नव्हती. परक्या गावात पोरीच्या शेजारी उभं राहिल्यावर तिची मान खाली जाऊ नये, एवढीच धाकधूक होती.

बॅग भरायला घेतली तेव्हा अर्धा मोहल्ला ओसरीवर आला. शेजारच्या गुलाबबाईंनी सुरुवातच घाबरवून केली. "माही ननंद गेलती ना स्वित्झर्लंडले! तिच्या नाकातलं पानी गोठलं म्हने. हातात तुकडा आला!"

"नाकाचा?" बंडूजींनी विचारलं.

"पान्याचा हो! तुमाले तं मस्करीच सुचते."

मग चंद्रभान आले. आर्वी डेपोतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, पण आवाज अजून ड्यूटीवर. बॅगेचं झाकण लागेना तसे त्यांनी दोन्ही स्वेटरांना हात घातला. "चला, चला, मधातले मागं सरका! मागं जागा हाय! शाल, तुम्ही कोपऱ्यात व्हा. हे ब्लँकेट कोनाचं? अर्ध्या तिकिटावर बसलं काय?"

"तिथं पांघरायले नसन तं?" मंदाबाई म्हणाल्या.

"वहिनी, थंडीच्या गावात पांघरून नसन तं मंग वर्ध्यात पंखा बी नसन!"

ब्लँकेट उतरलं. दोन साड्या मात्र चढल्या आणि कोणाचं ऐकून उतरल्या नाहीत.

राहता राहिली पँट. ऑक्टोबर सरत आला तरी बाहेर ऊन असं की ओसरीवरचा पंखासुद्धा धापा टाकत होता, आणि मंदाबाई आत थर्मल, पँट, स्वेटर असा सगळा थर चढवून पाहत होत्या. बाहेर आल्या त्या ओल्या चिखलातून चालल्यासारख्या, पाय फाकवून. बंडूजी खाटेवरून टुणकन उठले आणि हात जोडून म्हणाले, "या साहेब, या! बसा. नुकसानीचा पंचनामा करायले आले काय?"

गुलाबबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. मंदाबाईही हसल्या, पण आत जाऊन पँट काढताना त्यांना आरशात खरोखरच कुणी दुसरंच माणूस दिसलं. घडी करून त्यांनी ती बॅगेत ठेवली. पोरीनं सांगितलं होतं ना. चौकड्यांचा शर्ट खुंटीवर होता, त्याच्याकडे पाहिलं आणि तो तिथंच राहू दिला.

वजन करायचा मान अर्थातच बंडूजींचा. अंगणातल्या कडुलिंबाला भाजी तोलायचा काटा कायमचाच टांगलेला. त्याला बॅग अडकवली.

"साडेपंचवीस," चंद्रभान डोळे बारीक करून म्हणाले. "बंडूभाऊ, तेवीसच चालते ना?"

"मंग? तेवीसच तं हाये."

"काऊन?"

"बारदाना कोन कापन?" बंडूजींनी अडाण्याला समजवावं तसं समजावलं. "नुसती बॅगच अडीच किलोची. आडतीवर कट्टा मोजला का पोत्याचं वजन बाजूले काढतेच का नाई? निव्वळ माल तेवीस. अन् आडत्याले समजते ते विमानवाल्याईले नाई समजन? शिकेल लोक हायेत ते!"

हे सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं. या अंगणात जन्मभर सगळं असंच तोललं गेलं होतं.

नागपूरच्या विमानतळावर बंडूजींना दारातच थांबवलं, आत फक्त तिकीटवाले. ते काचेला नाक लावून उभे राहिले. उज्वलानं आईसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती, वाट चुकू नये म्हणून. चाळीस किलोचा कट्टा डोक्यावर घेणारी बाई खुर्चीत बसून, तान्ह्या पोरासारखी ढकलली जात काउंटरपाशी पोचली.

"मावशी, बॅग अडीच किलो जास्त आहे," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"बारदाना कापा ना, बाई."

"काय?"

"बॅगचं वजन काढा. माल तेवीसच हाये."

मुलीनं शेजारच्या साहेबाकडं पाहिलं. साहेब म्हणाला, "माताजी, यहाँ सब मिला के होता है."

असा आडत्या मंदाबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. पण मुलगी चांगली होती, पुढं वाकून हळूच म्हणाली, "मावशी, अंगावर घातलेलं मोजत नाहीत."

खुर्चीवरून मंदाबाई ताडकन उठल्या तशी खुर्चीमागचा माणूस दचकला. त्यांनी बॅग उघडली. एक स्वेटर चढवला, त्यावर दुसरा, त्यावर शाल. काटा उतरला, पण अजून जरासा अडून बसला. काय काढावं म्हणून पँटच्या खाली हात घातला, तर ओळखीचं जाड कापड हाताला लागलं. तांबड्या चौकड्या. खुंटीवरचा शर्ट.

त्यांनी काचेकडं पाहिलं. बंडूजी छताकडं बघत होते, जणू तिथं ढग आलेत.

दोन स्वेटरांवरून चढेल एवढं मोठं तेच एक होतं. मंदाबाईंनी शर्ट घातला, गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या. काट्यावर तेवीस आलं.

विमानात गारठा होता. बाजूचे लोक पातळ पांघरुणं ओढून कुडकुडत होते, आणि मंदाबाई वावरात बसल्यासारख्या उबदार होत्या. पण व्हिएन्नात खुर्ची बाहेरच्या दाराकडं वळली तशी धाकधूक परत आली. हात सवयीनंच गळ्याच्या गुंडीवर गेला. नाका आला होता ना. एक निघाली, दुसरी निघाली, तिसरी शालीच्या गोंड्यात अडकली. त्या ओढतच होत्या आणि दार सरकलं.

"आई!"

उज्वला पळत आली आणि दोन पावलांवर थांबली. तिची नजर शर्टावर होती.

"गुंडी अटकली वं," मंदाबाई घाईघाईनं म्हणाल्या, "थांब, काढूनच राह्यली होती मी..."

"नको काढू." उज्वलानं त्यांचा हात धरला. मग खाली वाकून आईच्या खांद्यात नाक खुपसलं आणि कितीतरी वेळ वर केलंच नाही. "माय," ती तिथूनच म्हणाली, "सांबाराचा वास येऊन राह्यला वं."

भाषेची सगळी इस्त्री मोडली होती. मंदाबाईंनी पोरीला जरा लांब धरून पाहिलं. दवाखान्याच्या कपड्यांवर तिनं एक भलंमोठं तपकिरी जाकीट चढवलं होतं, बाह्या बोटांच्या पुढं लोंबत होत्या.

"अन् हे कोनाचं घालून आली तू?"

"रत्नदीपचं. ड्यूटीवरून थेट आली ना. सकाळी लय गारठा असते, मंग सगळ्याच्या वरून हेच चढवतो मी."

"लोक नाई पाह्यत?"

उज्वला लाल झाली. नववीतली पोरगी क्षणभर तिथं उभी होती. "पाहू दे," ती म्हणाली, आणि अडकलेली गुंडी सोडवून परत लावली, मग वरच्या दोन्हीही.

बाहेर गार वारा होता आणि झाडांची पिवळी पानं रस्त्यावर पळत होती. बसची वाट पाहताना उज्वलानं घरी फोन लावला. पडद्यावर बंडूजींचं नुसतं कपाळ आलं.

"बारदाना कापला काय त्याईनं?"

"नाई कापला," मंदाबाई म्हणाल्या.

"लुटलं मंग! शर्ट भेटला का?"

"घालूनच हाये."

उज्वला मधात घुसली. "बाबा, उन्हाळ्यात यासान तवा आनखी एक आनजा. हा मी ठेवून घेऊन राह्यली."

कपाळ पडद्याच्या आणखी जवळ आलं. मग आवाज आला, "नवा आनू का जुना?"

"जुनाच," दोघी एकदमच म्हणाल्या.